गळ्यापर्यंत सोनं

एक राजा असतो. तो सोन्याच्या नाण्यांत बुडत असतो. आधी घोट्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग गळ्यापर्यंत. शेवटी नुसतं डोकं वर उरतं, डोक्यावर पागोटं उरतं, आणि तरी त्याला आणखी हवं असतं. हे सगळं कार्टून आहे. बस्स, मला आठवतं ते एवढंच.

एवढ्या भांडवलावर सिनेमाचं नाव शोधायला निघणं म्हणजे पोलीस चौकीत जाऊन ‘साहेब, आमचा माणूस हरवलाय, त्याला दोन डोळे आहेत’ असं सांगण्यासारखं आहे. पण उतारवयात माणसाला काहीतरी व्यवधान लागतं. कुणी कुलवृत्तांत काढायला घेतं, कुणी गुडघ्यांसाठी तेल शोधत हिंडतं. मी एक राजा शोधत होतो.

आपल्याकडे नाव विसरलेला सिनेमा शोधायची एक रुळलेली रीत आहे. ‘तो नाही का, ज्यात संजीवकुमार नऊ भूमिका करतो,’ असं म्हटलं की पलीकडून ‘नया दिन नई रात’ असं उत्तर येतं, वर ‘जया भादुरी होती त्यात’ हेही येतं. नट आठवला नाही तर गाणं, गाणं नाही तर थिएटर, थिएटर नाही तर मध्यंतरात कुणाची छत्री हरवली होती. मराठी सिनेमाचं तर आणखी सोपं, कुणाचे तरी नातेवाईकच त्यात काम केलेले निघतात. कार्टूनला यातलं काहीच चालत नाही. राजाचं काम कुणी केलं होतं? कुणीच नाही, राजा काढलेला होता. तो आधीच्या कुठल्या सिनेमात नव्हता आणि नंतर कुठल्या मालिकेत सासरा म्हणूनही दिसला नाही.

शिवाय सिनेमाचं नाव पडद्यावर येतं तेव्हा पोरं जागेवरून भांडत असतात. लहानपणी पाहिलेल्या एकाही कार्टूनचं नाव मी वाचल्याचं मला स्मरत नाही. शेवटही क्वचितच आठवतो, कारण शेवट येण्याच्या आत वीज जाई, किंवा आईची हाक येई, किंवा ‘व्यत्यय’ अशी पाटी लागे आणि ती पाटीच आम्ही बराच वेळ भक्तिभावाने पाहत बसत असू.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. गिरगावातल्या आमच्या चाळीत ते पोचायला आणखी काही वर्षं गेली, आणि पोचलं तेही फक्त समोरच्या काकूंकडे. चार पायांवर उभं लाकडी खोकं, त्याला दोन्ही बाजूंनी सरकणारी दारं, दारांना कुलूप, आणि किल्ली काकूंच्या कमरेला. हातपाय धुऊन यायचं, पायपुसण्यावर पाय कोरडे करायचे, लहानांनी पुढे बसायचं आणि शेंगा-फुटाणे आणायचे नाहीत, कारण सालं कॉटखाली जातात. गच्चीवर काकूंचा मुलगा अँटेना फिरवत असे आणि ‘आलं का?’, ‘आलं!’, ‘गेलं!’ हा संवाद सगळे मजले ओलांडून चाले. ‘किलबिल’ असो की ‘आमची माती आमची माणसं’, समोर येईल ते आम्ही सारख्याच एकाग्रतेने पाहत असू. भाताला युरिया कधी द्यायचा हे मला अजून थोडंथोडं सांगता येतं, आणि आमच्या घराण्यात तुळशीपलीकडे कुणी काही लावलेलं नाही.

काकूंच्या टीव्हीला आणखी एक दागिना होता. कृष्णधवल टीव्हीच्या काचेपुढे लावायला तेव्हा रंगीत प्लॅस्टिकचा पडदा मिळत असे. साधा निळा लावला की डोळ्यांना त्रास होत नाही असं दुकानदार सांगत. काकूंनी भारीतला घेतला होता. त्याचा वरचा पट्टा निळा, मधला तांबूस, खालचा हिरवा. योजना अशी की वर आभाळ, मधे माणसं, खाली गवत. शेताचं दृश्य असलं की योजना साधत असे. पण बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ कायम निळं, गाल तांबूस आणि साडी कोणतीही असली तरी हिरवी. दुसऱ्या दिवशी नळावर त्या साडीची चर्चा होई ती फक्त काठापदराची होई. रंगाबद्दल बोलायला सगळ्यांनाच संकोच वाटे.

याचा राजाशी संबंध असा, की तो ज्यात बुडत होता ते सोनं पिवळंधमक होतं हे मी गीतेवर हात ठेवून सांगायला तयार आहे. रंगीत प्रक्षेपण आपल्याकडे आलं १९८२ साली, एशियाडच्या वर्षी, आणि तोवर मला मिसरूड फुटलं होतं. म्हणजे मी पाहिलं ते सोनं करड्या रंगाचं असणार. काकूंचा पडदा धरला तर घोट्याशी हिरवं, कमरेशी तांबूस आणि गळ्याशी निळं. मग हे पिवळं आलं कुठून?

दर भाऊबीजेला हा विषय निघतोच. आम्ही तिघं भावंडं. दादा सगळ्यांत मोठा, मग ताई, मग मी. तिघंही काकूंच्या घरी एकाच वेळी पुढच्या रांगेत बसलेले, म्हणजे कागदोपत्री साक्षीदार उत्तम. ओवाळणं झालं, जेवणं झाली, बासुंदीची सुस्ती चढली की मी राजा काढतो. दादा म्हणतो, “राजाचं मला माहीत नाही. वाघ होता. वाघावर बसून एक मुलगा जातो. आणि शेवटी मडकी फुटतात.” ताई म्हणते, “वाघ कसला? पक्षी होते. जाळ्यासकट उडतात. आणि गाणं होतं.” वाघ, मडकी, पक्षी, गाणं आणि बुडता राजा. एवढं सगळं एकाच सिनेमात असतं तर तो तीन तासांचा झाला असता आणि त्यात हेलनही असती.

दादाच्या मडक्यांना आम्ही कधीच किंमत दिली नाही. गिरगावात वाढलेल्या माणसाला मडकी म्हटलं की गोकुळाष्टमी आठवते, त्यातलीच ही दोन-चार सिनेमात शिरली असणार, असं ताईचं निदान होतं. दादा वाद घालत नाही. तो दरवर्षी ‘मडकी होती’ एवढं म्हणून मसाला पान तोंडात टाकतो. मग त्याच्याकडून काही ऐकायचं म्हणजे पान संपेपर्यंत थांबावं लागतं.

ताईचे पक्षी मात्र ताबडतोब पकडता आले. जाळ्यासकट उडून जाणारे पक्षी म्हणजे ‘एक अनेक और एकता’, यात आमच्या वयाच्या कुणाचंच दुमत होणार नाही. फिल्म्स डिव्हिजनचा १९७४चा, जेमतेम सात मिनिटांचा लघुपट. तो हिंदीत आहे खरा, पण त्यात मराठी हात बरेच. दिग्दर्शन मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांचं. ‘भुवन शोम’मधल्या सुहासिनी मुळे यांच्या त्या आई. संगीत सावंतवाडीकडच्या वसंत देसाईंचं, ज्यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘गुड्डी’ची प्रार्थना दिली. गाणाऱ्या चिमुरडीचा आवाज साधना सरगमचा, आणि तिचा जन्म १९६९चा, म्हणजे तिने तेव्हा पाटीवर अक्षरं गिरवायला नुकतीच सुरुवात केली असेल. चित्रं भीमसैन यांची. त्यांनी पुढे ‘घरौंदा’ काढला आणि मुंबईत घर न मिळणाऱ्या मोठ्या माणसांचीही सोय लावली. सरकारने उपदेशासाठी काढलेली फिल्म मुलांनी हट्टाने पुन्हा पुन्हा पाहावी, हे आपल्या प्रजासत्ताकात किती वेळा घडलं असेल याचा हिशेब करायला एका हाताची बोटं पुरतील.

मी ती ताईला फोनवर दाखवली. तिने चष्मा लावून पुरती पाहिली, मधे गुणगुणली, डोळे पुसले आणि म्हणाली, “ही वेगळी. ही मला पाठच आहे. मी म्हणते त्यातही पक्षी होते.”

अशा साक्षीदारांचा अभ्यास फार पूर्वी होऊन गेला आहे. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने काही लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक भुतांच्या लढाईची गोष्ट वाचायला दिली आणि मग थोड्याथोड्या काळाने ती आठवून लिहायला सांगितली. १९३२ साली त्याने त्यावर पुस्तकच काढलं. लोकांनी गोष्टीतल्या कनूंच्या साध्या होड्या करून टाकल्या, सील मारायला निघालेल्या तरुणांना मासे धरायला पाठवलं, आणि भुतांचं काही कळेना तेव्हा भुतं गाळली. कुणीही जाणूनबुजून खोटं लिहिलं नव्हतं. प्रत्येकाने आपल्या घरात मावेल एवढी गोष्ट ठेवून घेतली होती. आमच्या घरात सोनं मावत होतं ते आईच्या मंगळसूत्राच्या दोन वाट्यांएवढं. सराफाच्या दुकानातलं सोनं काचेबाहेरून पाहायचं. राजाच्या ढिगाला मी तोच रंग दिला असणार. गंमत अशी की डंडी विद्यापीठात २००८ साली झालेल्या एका अभ्यासात उलटंच दिसलं होतं. लहानपणी कृष्णधवल टीव्ही पाहिलेल्या लोकांना म्हातारपणीसुद्धा इतरांपेक्षा जास्त वेळा कृष्णधवल स्वप्नं पडतात. हे मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, “मला स्वप्नं पडत नाहीत. ॲसिडिटी होते.”

बायकोने सुरुवातीलाच मायडासचं नाव सुचवून अंग काढून घेतलं होतं. पण मायडास हात लावील त्याचं सोनं करतो, तो सोन्यात बुडत नाही. त्याचा प्रश्न जेवणाचा आहे. माझा राजा खाऊनपिऊन सुखी होता.

खरा धागा मिळाला काकूंकडून. काकू आता ऐंशीच्या पुढे, डोंबिवलीला मुलाकडे असतात. मी फोन केला तर प्रस्तावना न ऐकताच म्हणाल्या, “हरीण होतं त्यात. सोन्याचं. तू रडला होतास.”

“मी नाही, दादा असेल.”

“तूच. कॉटखाली जाऊन बसला होतास. सालं मला तेव्हाच सापडली.”

“काकू, हरीण सोन्याचं होतं हे कशावरून?”

“गोष्टच तशी होती ना. दिसायला म्हणशील तर खुरं हिरवी होती आणि अंग तांबूस.”

माझ्या मनात काकूंबद्दलचा आदर एकदम वाढला. आमच्या सगळ्यांत डोळ्यांना दिसलं तेच सांगणारी साक्षीदार ती एकटी निघाली.

आता मराठी घरात सोन्याचं हरीण म्हटलं की पंचवटीच्या पलीकडे विचार जात नाही. मारीच येतो, सीतामाईला कंचुकी शिवायची असते, आणि पुढचं सगळं रामायण त्या एका कंचुकीपायी घडतं. दादाने लगेच ‘मारीचच तो’ असा निकाल दिला. पण रामायणात सोन्याची नगरीच जळते, राजा नाण्यांत बुडून मरत नाही. रावणाला आणखी हवं होतं हे खरं, पण नाणी नव्हेत.

मग ‘द बॅनियन डिअर’ हाती लागली आणि काही दिवस मला वाटलं की झालं, सापडला राजा. ही कथा ऐकण्यासारखी आहे. फिल्म्स डिव्हिजनने पन्नाशीच्या दशकात मुंबईत कार्टूनचा विभाग काढला आणि इथल्या चित्रकारांना शिकवायला अमेरिकेच्या मदत योजनेतून क्लेअर वीक्स नावाचा माणूस आला. तो डिस्नेच्या स्टुडिओतला, ‘बॅम्बी’वर काम केलेला. त्याच्या हाताखाली जी. के. गोखले, राम मोहन वगैरे मंडळी तयार झाली, आणि विभागाची सुरुवातीची मोठी फिल्म १९५७ साली निघाली ती जातककथेवर. त्यात हरणांचा सोनेरी राजा आहे आणि शिकारीचा नाद असलेला माणसांचा राजाही आहे. बॅम्बी काढून आलेल्या माणसाला मुंबईत आल्यावर पुन्हा हरणंच काढावी लागली, याला योग म्हणायचं. पण जातकातला राजा हरणाचं मोठेपण पाहून वरमतो, शिकार सोडतो आणि चांगला होतो. माझ्या राजाच्या चेहऱ्यावर सुधारण्याचं एकही लक्षण मला आठवत नव्हतं.

इथे जरा बाजूला जातो. आपल्याकडची हलती चित्रं याहूनही जुनी आहेत. दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास काडेपेटीतल्या काड्या एकेक करून सरकवत, दर सरकवणीला एकेक चित्र घेत ‘आगकाड्यांची मौज’ केली. ती फिल्म आज उरलेली नाही. ‘प्रभात’ने १९३४ साली ‘जंबूकाका’ नावाचा कोल्हा पडद्यावर नाचवला. नाशिकच्या किंवा पुण्याच्या कुठल्या तरी वाड्यात एखादी आजी पन्नास वर्षं नातवंडांना ‘काड्या चालत होत्या रे, आपल्या आपण चालत होत्या’ असं सांगत असणार, आणि नातवंडं एकमेकांकडे पाहून हसत असणार. त्या आजीपुढे आमची अडचण काहीच नाही. आमचा राजा निदान कुठल्या तरी डब्यात असण्याची आशा होती.

तर डब्याचा पत्ता मिळाला दादरला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात. मी तिथे जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळायला गेलो होतो. दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा रकाना त्यात असतो. रकान्यात लिहिलेलं असे ‘बालचित्रपट’, आणि पुढे पूर्णविराम. त्या एका पूर्णविरामात किती राजे बुडाले असतील देव जाणे. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ होते, पूर्वी सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनांत काम केलेले. आमच्या पिढीला ती पुस्तकं सांगायला नकोत. रादुगा, प्रगती, मीर. गुळगुळीत जाड कागद, मुलांच्या फरच्या टोप्या, अस्वलं, आणि किंमत इतकी कमी की वडिलांना संशय यायचा. माझा उसासा ऐकून त्यांनी काय शोधताय असं विचारलं. मी राजा सांगितला.

“नाणी कुठून येतात?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता. आमचं सगळं लक्ष राजाकडे.

“उडत येतात. खालून. हरीण आहे त्यात असं आमच्या काकू म्हणतात. खुरं हिरवी.”

“खुरांतून येतात. आणि शेवटी त्या नाण्यांचं काय होतं?”

मला काही सुचेना, म्हणून दादाची गोष्ट त्यांच्यापुढे टाकली. “मडकी,” मी म्हणालो.

“खापऱ्या,” ते म्हणाले आणि वर्तमानपत्राची घडी घालून बाजूला ठेवली. “‘झोलोताया आंतिलोपा’. सोनेरी हरिणी. लेव आतामानोव, १९५४.”

मॉस्कोतल्या सोयूझमूल्तफिल्म या स्टुडिओचा, अर्ध्या तासाचा सिनेमा. कथा भारतातल्या लोककथांवरून घेतलेली. आम्ही पंचतंत्र, जातक, हितोपदेश उलटंपालटं करून राजाचा मूळ पत्ता शोधत होतो आणि राजा निघाला मॉस्कोचा. त्याच १९५४ साली ‘आवारा’ रशियात लागला आणि तिथल्या लोकांनी राज कपूरला डोक्यावर घेतलं. म्हणजे आपण एक राज पाठवला आणि त्यांच्याकडे एक राजा तयार झाला. वड, मोर, हत्ती, महालाच्या जाळ्या, पागोटं, सगळं बर्फाच्या गावात बसून काढलेलं. आणि आम्ही गिरगावातली पोरं ते आपलंच समजून बसलो. मुंबईत तर तेव्हा फिल्म्स डिव्हिजन आणि सोव्हिएत सांस्कृतिक केंद्र ही दोन्ही पेडर रोडवर होती. एक सोनेरी हरीण रस्त्याच्या एका इमारतीतलं, दुसऱ्याचे नातेवाईक चार पावलांवर.

मी घरी येऊन दादाला फोन केला. खापऱ्या, एवढंच म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. बहुधा पान होतं.

पुढच्या रविवारी सगळे दादाकडे जमलो. त्याचा टीव्ही भिंतीएवढा आहे आणि त्याला दारं नाहीत. सिनेमा रशियनमध्ये होता आणि कुणालाही रशियन येत नव्हतं, पण अडलं कुठेच नाही. राजा शिकारीला निघतो, हरिणीच्या मागे लागतो. एक अनाथ पोरगा तिला वाचवतो. तिच्या खुरांतून सोन्याची नाणी उडतात. मुलाच्या हाती पावा येतो. दादाने मधेच पुढे सरकून बसायला सुरुवात केली. वाघीण मुलाला पाठीवर घेऊन दरीवरून झेप घेते तेव्हा तो काहीच बोलला नाही. नुसतं ताईकडे पाहिलं.

मला मात्र राजाचे हात पाहायचे होते. पागोट्याखालचा चेहरा मी विसरलो होतो, पण बोटं माझ्या लक्षात होती. ती कार्टूनमधल्या बोटांसारखी नव्हती. नाणी चाचपताना ती माणसाच्या बोटांसारखी अडखळत. त्याचाही उलगडा झाला. त्या काळी त्या स्टुडिओत एक पद्धत सर्रास होती. आधी खरे नट घेऊन प्रसंग चित्रित करायचा आणि मग त्या चित्रणावरून रेषा काढायच्या. म्हणजे ‘राजाचं काम कुणी केलं’ हा प्रश्न काही अगदीच वेडगळ नव्हता. याच आतामानोवने १९५७ साली ‘हिमराणी’ केली, आणि ती पाहूनच आपण या धंद्यात टिकलो असं जपानचे हायाओ मियाझाकी सांगतात. तेव्हा आमच्यावर परिणाम झाला यात नवल नाही. फक्त मियाझाकींनी त्यातून सिनेमे केले आणि आम्ही भाऊबीजेला भांडणं केली.

शेवटी राजा सोन्याखाली बुडू लागतो. हरिणीने आधीच बजावलेलं असतं, की ज्या क्षणी तू पुरे म्हणशील त्या क्षणी सगळ्याच्या खापऱ्या होतील. असा माणूस पुरे कशाला म्हणेल? पण गळ्याशी आल्यावर म्हणतो. माझ्या आठवणीत हे बुडणं निदान पाव तास चाललं होतं. पडद्यावर ते फारच पटकन आटोपतं. मला जरा फसवल्यासारखं झालं. लहानपणी मी त्याला आणखी वेळ दिला होता.

आणि सोनं पिवळं निघालं. अगदी माझ्या आठवणीतलं पिवळं. जे मी पाहिलंच नव्हतं ते मला बरोबर आठवत होतं, आणि जे पाहिलं होतं त्यातलं निम्मं गेलं होतं. खणखणून खापऱ्या कोसळल्या तसा दादा उभाच राहिला. “मडकी!” तो म्हणाला. “मडकी नव्हेत, खापऱ्या,” मी म्हणालो. “खापऱ्या कशाच्या होतात?” दादाने विचारलं. याला उत्तर नव्हतं. हरिणी राजासमोर एकटी उभी राहते तिथे मला घशाशी काहीतरी आलं होतं, पण ते काकूंपर्यंत पोचू द्यायचं नाही असं मी ठरवलं. बायकोने पाहिलं असावं, कारण तिने पाण्याचा तांब्या माझ्या बाजूला सरकवला.

दिवे लावले. दादाच्या सुनेने चहा आणला. सगळे ताईकडे पाहत होते.

“छान आहे,” ताई म्हणाली. “चित्रं सुरेख आहेत. हरिणीचे डोळे तर फारच. आवडला मला.”

“मग?”

“पण गाणं कुठाय? पक्षी कुठायत?”

“मोर होते की चांगले.”

“मोर जाळ्यासकट उडाले का?” ताईने बशीत चहा ओतला. “आणि त्या पेपरात काय लिहिलं होतं म्हणालास? ‘बालचित्रपट’. त्यावरून हाच दाखवला कशावरून? रशियाचा सिनेमा, रशियातच राहिला असेल.”

“अगं, राजा आहे, वाघ आहे, नाणी आहेत, मडकी आहेत...”

“खापऱ्या,” दादा म्हणाला.

“असतील,” ताई म्हणाली, आणि अत्र्यांच्या नाटकातल्या लखोबालाही जमला नसता अशा ठामपणे तिने निकाल दिला. “शोधलात छान. पण आपण पाहिला तो हा नव्हेच.”

“मग तो कोणता?” मी विचारलं.

“तेच तर मी इतकी वर्षं विचारतेय. एक मुलगी होती त्यात. लांब वेणी. आणि ती बोटीतून जाते.”

दादाने खिशातून पानाची पुडी काढली, सोडली, आणि पान तोंडाशी नेता नेता थांबला.

“बोट होती खरी,” तो म्हणाला.